उपचाराचे चार पाद

रायपूर शहर मागे टाकून उत्तरेस बिलासपूरकडे जाणारा हमरस्ता धरला, की थोड्याच वेळात आकाशाचा रंग बदलतो. रस्त्याच्या दुतर्फा धुरांडी दिसू लागतात, झाडांच्या पानांवर करड्या-काळ्या धुळीचा थर चढलेला असतो आणि कोळसा व लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारींची रांग संपता संपत नाही. हे सिलतरा. एके काळी भातशेती करणारे हे गाव आज छत्तीसगडमधील एक मोठे औद्योगिक क्षेत्र झाले आहे. लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट फिरत्या भट्टीत तापवून येथे स्पंज आयर्न तयार होते आणि त्यापासून पुढे पोलाद. या कामावर आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगढी लोक आहेत. तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा या प्रांतांतून आलेले मजूरही आहेत.

अशा ठिकाणचा एखादा कामगार कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. वय अडतीस-चाळीस, भट्टीजवळचे काम, आणि गेले तीन आठवडे न थांबणारा खोकला. पहिल्या आठवड्यात तो औषधांच्या दुकानातून एक बाटली आणतो. दुसऱ्या आठवड्यात वस्तीतल्या दवाखान्यात जाऊन एक सुई टोचून घेतो. तेथे बसणाऱ्या गृहस्थाची पदवी कोणती, हे त्याला ठाऊक नसते आणि ते विचारावे असे त्याला वाटतही नाही. गावी गेला म्हणजे बैगा त्याला जंगलातली मुळी देतो. शेजारी सितोपलादि चूर्ण सुचवतो. शेवटी तो एखाद्या शासकीय दवाखान्यात येतो. या चार-पाच जणांपैकी प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे भलेच चिंतिले असेल. पण एकाने काय दिले हे दुसऱ्याला ठाऊक नाही. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर क्षयाची तपासणी झाली पाहिजे, हा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम या सगळ्या फेऱ्यांत कोणालाच आठवला नाही. त्यातून हा मनुष्य दगडी धुळीत काम करणारा. भट्टीच्या अस्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या क्वार्ट्झच्या पुडीसारखी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात साठली म्हणजे सिलिकोसिस होतो आणि अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू अधिक सहजपणे घर करतात. म्हणजे ज्याची तपासणी सर्वांत आधी व्हावयास हवी, त्याचीच ती राहून जाते.

या उदाहरणात दोष कोणत्या एका शास्त्राचा नाही. आयुर्वेद खरा की आधुनिक वैद्यक खरे, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे वक्ते टाळ्या मिळवतात. सिलतऱ्याच्या त्या कामगाराला मात्र या वादाचा काडीचाही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. रोजच्या, साध्या, दारच्या दवाखान्यात जे देशी किंवा पूरक उपचार मिळतात, त्यांची प्रत कशी सुधारावी?

‘पूरक वैद्यक’ हा शब्दप्रयोग पश्चिमेकडून आला. तेथे मुख्य प्रवाह आधुनिक वैद्यकाचा. इतर पद्धती त्याला पूरक. आपल्याकडे इतिहासाचा क्रम उलटा आहे. वैद्य आणि हकीम आधी होते. डॉक्टर मागाहून आले. मुंबई प्रांतात १९३८ साली वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला, तो या दिशेचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय. स्वातंत्र्यानंतर १९७० साली भारतीय वैद्यकासाठी आणि १९७३ साली होमिओपथीसाठी केंद्रीय परिषदांचे कायदे झाले. २०२० साली त्यांच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारे कायदे आले. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रातच ‘आयुष’ वैद्यांना जागा देण्याचे धोरण घेतले आणि २०१४ साली या पद्धतींसाठी स्वतंत्र मंत्रालयही झाले. तेव्हा देशी वैद्यकाला मान्यता द्यावी की न द्यावी, हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. राहिला आहे तो गुणवत्तेचा प्रश्न, आणि तो कायद्याच्या एका कलमाने सुटणारा नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक चौकट आपल्याच परंपरेत तयार आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक् म्हणजे वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि चौथा रोगी स्वतः. प्रत्येकाचे चार चार गुण, असे एकूण सोळा गुण मिळून चिकित्सा सफल होते. चारांपैकी एक पाय जरी लुळा असला, तरी खाट डगमगते. दोन हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या दवाखान्याला लावून पाहण्यासारखी आहे.

पहिला पाद वैद्याचा. त्याच्या ठायी शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, पुष्कळ पाहिल्याचा अनुभव, दक्षता आणि शुचिता हवी, असे चरक सांगतो. छत्तीसगडने या बाबतीत एक मोठा धडा देशाला दिला आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य जन्माला आले, तेव्हा खेड्यांत जाण्यास तयार असलेले डॉक्टर फारच थोडे होते. २००१ साली राज्याने कायदा करून तीन वर्षांचा एक वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. त्यात आधुनिक वैद्यकाबरोबर इतर पद्धतींचाही अंतर्भाव होता. अभ्यासक्रमाच्या नावावरून वाद झाले, विद्यार्थ्यांची आंदोलने झाली, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि काही तुकड्यांनंतर नवे प्रवेश बंद पडले. परंतु जे विद्यार्थी शिकून बाहेर पडले, ते पुढे ‘ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक’ म्हणून आरोग्य केंद्रांत नेमले गेले. त्यामुळे एकाच राज्यात, सारख्याच प्रकारच्या केंद्रांत, एम. बी. बी. एस. डॉक्टर, आयुष वैद्य, हे साहाय्यक आणि काही ठिकाणी केवळ परिचारिका किंवा औषधनिर्माते रुग्ण तपासू लागले.

२०१० साली या चौघांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरिया, न्यूमोनिया, अतिसार, क्षय यांसारख्या नित्याच्या आजारांची उदाहरणे त्यांच्यापुढे मांडून त्यांनी काय विचारले, काय तपासले आणि काय लिहून दिले, हे पाहण्यात आले. तीन वर्षे शिकलेले साहाय्यक या कामात एम. बी. बी. एस. डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले; आयुष वैद्य त्यांच्यापेक्षा कमी पडले आणि परिचारिका व औषधनिर्माते सर्वांत मागे राहिले.

या निष्कर्षाचा घाईने अर्थ लावणे मात्र चूक ठरेल. साडेपाच वर्षे शिकलेला वैद्य तीन वर्षे शिकलेल्या साहाय्यकापेक्षा मागे का पडला? तो मंदबुद्धी होता म्हणून नव्हे. साहाय्यकाला नेमके याच कामासाठी शिकवले होते; वैद्याला दुसरेच काही शिकवले आणि मग या कामावर बसवले. तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की पदवीच्या वर्षांची संख्या आणि कामाची योग्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडून जे काम घ्यावयाचे, त्याचे शिक्षण त्याला दिलेच पाहिजे. दुसरा निष्कर्ष याहूनही महत्त्वाचा आहे. आयुष वैद्याचे मोजमाप त्या अभ्यासात आधुनिक वैद्यकाच्या गजाने झाले, कारण त्याच्याकडून काम तेच घेतले जात होते. त्याच्या स्वतःच्या शास्त्रात तो किती निपुण आहे, हे कोणी पाहिलेच नाही. ज्या गोष्टीची नोंदच होत नाही, तिची सुधारणा तरी कशी व्हावी?

मर्यादेचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. १९९६ साली मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केवळ होमिओपथीची पात्रता असणाऱ्याने आधुनिक औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय. १९९८ साली याच न्यायालयाने असे स्पष्ट केले, की देशी वैद्यकाच्या पदवीधरास आधुनिक औषधे देण्याचा हक्क आहे की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहील. त्यामुळे राज्याराज्यांत नियम भिन्न आहेत आणि सामान्य रुग्णाला ते ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून निदान एवढे तरी व्हावे: दवाखान्याच्या दारावर वैद्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत, तेथील लोकांच्या भाषेत लिहिलेला असावा. चांगल्या वैद्याला यात भिण्यासारखे काही नाही. भय आहे ते ज्याला लोक ‘झोलाछाप’ म्हणतात त्यालाच.

दुसरा पाद द्रव्याचा. औषध मुबलक मिळावे, रोगाला योग्य असावे, निरनिराळ्या स्वरूपांत देता यावे आणि मूळ वनस्पती सकस व निर्दोष असावी, असे त्याचे चार गुण. हा पाद आज किती नाजूक झाला आहे, हे एकाच वनस्पतीच्या दोन कथांवरून कळून येईल. ती वनस्पती म्हणजे गुळवेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी अवरोधजन्य काविळीच्या ३० रुग्णांवर गुळवेलीचा प्रयोग केला. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिलेल्या रुग्णांत जंतुसंसर्ग कमी दिसला आणि त्यांच्यापैकी अधिक जण वाचले. रुग्णांची संख्या लहान होती. पण प्रयोग रीतसर होता, मात्रा ठरलेली होती आणि रुग्णांवर सतत लक्ष होते.

पुढे २०२० साली करोनाच्या भयाने घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. त्याच मुंबईत, त्या वर्षाच्या अखेरीस, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांच्या पाहण्यात आले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. २०२१ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि खऱ्या गुळवेलीशी साम्य असणाऱ्या दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असावी, अशी शंका मांडली. पुढल्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या यकृताचा विकार शरीराने स्वतःवरच उलटावे अशा प्रकारचा होता.

एकच वनस्पती, एकच शहर. एकीकडे ती वैद्यकीय देखरेखीखाली, ठराविक दिवस, ठराविक रोगावर दिली गेली. दुसरीकडे ती कुंपणावरून तोडून, मात्रेचा विचार न करता, दिवसेंदिवस घेतली गेली. मंत्रालयाची शंका खरी मानली, तरी निष्कर्ष बदलत नाही: वेल ओळखता न येणे हीदेखील द्रव्याच्या गुणवत्तेतलीच उणीव आहे. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला होणार?’ हे आपल्याकडचे आवडते वाक्य कोणत्याही जुन्या वैद्याला मान्य झाले नसते. अयोग्य रीतीने वापरलेले औषध विषासारखे ठरते, हे चरकानेच बजावले आहे.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली देशी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. विषारी घटक असलेल्या औषधांची यादी नियमांत आहे आणि ती औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, असे वेष्टनावर छापणे आवश्यक आहे. २००० साली देशी औषधांच्या कारखान्यांसाठी स्वच्छ व नियमबद्ध निर्मितीचे निकष ठरले. तरीही २००४ साली अमेरिकेत बोस्टन शहराच्या परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. रसशास्त्राचे अभ्यासक म्हणतील, की शोधन-मारण केलेला पारा निराळा. त्यांचे म्हणणे क्षणभर मान्य केले, तरी कोणत्या पुडीतला पारा नीट संस्कारित आहे आणि कोणत्या पुडीत तो नुसताच मिसळला आहे, हे सिलतऱ्याच्या कामगाराने कशावरून ओळखावे? ते प्रयोगशाळेनेच सांगितले पाहिजे आणि निकाल उघड असला पाहिजे.

साध्या सितोपलादि चूर्णाचेच पाहा. त्यात सोळा भाग खडीसाखर, आठ भाग वंशलोचन, चार भाग पिंपळी, दोन भाग वेलची आणि एक भाग दालचिनी. म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेह असलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगितले पाहिजे. वंशलोचनाच्या नावाखाली कृत्रिम पदार्थ विकला जातो, ही तक्रारही जुनी आहे. पिंपळीची गोष्ट तर याहून लक्षात ठेवण्यासारखी. पिंपळी आणि मिरी यांतील पायपेरीन या द्रव्यामुळे दम्यावर दिल्या जाणाऱ्या थिओफायलीनचे रक्तातील प्रमाण वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि त्या गोळीत उपकारक मात्रा व अपायकारक मात्रा यांतले अंतर थोडेच असते. याउलट, गुग्गुळाबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयविकाराच्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतला, तर रक्तदाब वाढतो. आजीबाईच्या बटव्यातली ही नित्याची औषधे. पण बटव्याच्या शेजारी आता गोळ्यांचा डबाही आहे, हे विसरून चालत नाही.

तिसरा पाद परिचारकाचा. ज्याला चरक उपस्थाता म्हणतो, तो आज कोण? घरची माणसे, परिचारिका, औषधाच्या खिडकीपलीकडचा औषधनिर्माता आणि छत्तीसगडपुरते बोलायचे तर मितानिन. २००२ साली सुरू झालेल्या मितानिन योजनेत वस्तीवस्तीतून निवडलेल्या स्त्रिया आरोग्याचे काम करतात. मितानिन म्हणजे मैत्रीण. पुढे देशभर जी ‘आशा’ आली, तिचा नमुना छत्तीसगडच्या या मैत्रिणीतही होता. कामगाराचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला आहे, हे सर्वांआधी कळते ते तिला. वैद्याने, डॉक्टराने आणि मितानिनने एकाच कागदावर नोंद केली, तर वर सांगितलेली ती अनाथ फेरी पहिल्याच वळणावर थांबेल. पुष्कळ आरोग्य केंद्रांत आयुष वैद्य आणि डॉक्टर एकाच छपराखाली बसतात. पण त्यांची बाडे वेगळी, नोंदवह्या वेगळ्या, औषधांची कपाटे वेगळी. एकाच घरात राहून दोन चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार आहे. भिंत पाडण्याची आवश्यकता नाही. नोंदवही एक झाली तरी पुरे.

चौथा पाद रोग्याचा. स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, धीर, आणि ज्ञापकत्व हे त्याचे चार गुण. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या आजाराची हकीकत वैद्याला नीट सांगता येणे. हा शेवटचा गुण आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे आणि त्याचा सगळा दोष रोग्याच्या माथी मारता येणार नाही. बैगाकडे गेलो होतो असे म्हटले, की डॉक्टर रागावतात. इंजेक्शन घेतले असे म्हटले, की वैद्य नाक मुरडतो. मग रोगी गप्प बसणे पसंत करतो. ज्या दवाखान्यात खरे बोलल्याबद्दल उपहास होतो, तेथे निदान अर्धवटच राहणार. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. तपासणाऱ्याने, मग तो कोणत्याही शास्त्राचा असो, शांतपणे एवढेच विचारावे, ‘याशिवाय आणखी काय काय घेता?’ आणि मिळेल ते उत्तर, न हसता, लिहून ठेवावे.

या चारही पादांना बळकटी आणण्यासाठी मोठ्या इमारतींची आवश्यकता नाही. प्रामाणिक मोजणीची आहे. वर्षातून एकदा प्रत्येक दवाखान्याने स्वतःची काही साधी गणती करावी. दोन आठवड्यांवर खोकला असलेले किती रुग्ण आले आणि त्यांपैकी किती जणांना क्षयाच्या तपासणीस पाठवले? किती जणांच्या कागदावर इतर औषधांची नोंद झाली? संधिवात, अग्निमांद्य, मूळव्याध अशा ज्या विकारांसाठी लोक विश्वासाने वैद्याकडे येतात, त्यांपैकी किती जणांना तीन महिन्यांनी खरोखर आराम वाटला? औषधाने अपाय झाल्याची शंका किती वेळा आली आणि ती वर कळवली गेली काय? अशा अपायांची नोंद करण्याची राष्ट्रीय व्यवस्था आयुष औषधांसाठीही उभी आहे. पण तळातून कोणी कळवलेच नाही, तर वर कोरी वहीच राहणार.

इतर देशांचा अनुभवही याच दिशेचा आहे. ब्रिटनमध्ये १९९३ आणि १९९४ साली हाडे-सांधे हाताळून उपचार करणाऱ्या दोन पंथांसाठी नोंदणीचे कायदे झाले. २००० साली तेथील उमरावांच्या सभागृहाच्या समितीने पूरक पद्धतींची छाननी करून त्यांची तीन गटांत विभागणी केली आणि शिक्षण, नियंत्रण व संशोधन यांवर भर दिला. २०१७ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने पुराव्याअभावी होमिओपथीची औषधे लिहून देऊ नयेत, असे डॉक्टरांना सुचवले. सरसकट स्वीकारही नाही आणि सरसकट धिक्कारही नाही. प्रत्येक उपचाराला वेगळा प्रश्न विचारायचा, ही त्यामागची वृत्ती घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही ती वृत्ती परकी नाही. सर्पगंधेचे उदाहरण घ्यावे. तिचा उपयोग वैद्यांना पूर्वापार ठाऊक होता. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांचे मन खिन्न होते, हेही नोंदीतूनच कळले आणि त्याचा वापर मर्यादित झाला. गुण कळला तो नोंदीमुळे. दोष कळला तोही नोंदीमुळे. देशी औषधाचा याहून मोठा सन्मान कोणता?

सिलतऱ्याच्या आसपास काय कमी आहे? रायपूरला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. राज्याच्या जंगलांत हिरडा, बेहडा, आवळा, बेल, काळमेघ अशी द्रव्ये विपुल आहेत आणि ती गोळा करणारे जाणते हातही आहेत. वस्तीत मितानिन आहे. चारही पाद तेथे हजर आहेत. ते एकाच खाटेला जोडलेले मात्र नाहीत. ते जोडले गेले, तर भट्टीवरून खोकत येणाऱ्या त्या कामगाराला पहिल्याच दवाखान्यात, मग तो वैद्याचा असो की डॉक्टरचा, खोकला किती दिवसांचा हे विचारले जाईल, थुंकी तपासायला पाठवले जाईल, आणि हाती एक कागद दिला जाईल. तो कागद पुढच्या दारी दाखवताना त्याला लाज वाटणार नाही. उपचाराची प्रत सुधारली की नाही, हे त्याच दिवशी कळेल.